अचंब्याची वाक्यं

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू होतीस तेव्हा मी जेमतेम पाटीवर मुळाक्षरं गिरवत होते. त्यामुळे आपल्या दोघींत कधी पत्र गेलं-आलं नाही. आज लिहायला बसले त्याचं कारणही काही मोठं नाही. आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात या दिवशी वाढायचं, एखादी सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, आणि हे सगळं नवरा जिवंत असेपर्यंतच करायचं, अशी आपल्याकडची रीत. दादा यंदाच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याबरोबर तुझा दिवसही संपला. भटजींना मी मुद्दाम विचारलं, तर ते म्हणाले, आता वेगळं काही करायचं कारण नाही, त्यांच्या तिथीला त्यांच्यामागून तिचंही नाव घेतलं जाईल. मी बरं म्हटलं. तरी सवयीनं काल वड्यांची डाळ भिजत घातलीच, सकाळी उपसली, आणि पाटा धुवायला घेतला तेव्हा ध्यानात आलं की आज महाल भागातल्या दादांच्या घराला कुलूप आहे. डाळ तशीच ठेवली आहे. मुलं शाळेतून आली की तिची भजी करीन.

तुझं पान वाढायला मी दरवर्षी धंतोलीहून महालात जायची. दादा सोवळं नेसून पाटावर बसत, विधी उरकत, आणि जेवणं झाली की विडा हातात घेऊन आलेल्या सवाष्णीला तुझ्याबद्दल सांगत. सांगणं दरवर्षी तेच. “एवढं दुखणं अंगावर काढलं, पण एका शब्दानं बोलली नाही. मला अजून अचंबा वाटतो.” ती बाई डोळ्यांना पदर लावी आणि म्हणे, भाग्यवान हो, अशा बायका आता कुठे राहिल्या. मी आतून सुपारीचं तबक आणून ठेवत असे. हे वाक्य मी लहानपणी ऐकलं, लग्नानंतर ऐकलं, केस पिकायला लागल्यावर ऐकलं. ते खरं नाही. हे तुला ठाऊक होतं, मला पुढे कळलं, आणि दादांना शेवटपर्यंत कळलं नाही. तू बोलली होतीस. पाटावर बसून, तुझ्याकडे कान देऊन, त्यांनी ते ऐकलंही होतं.

दादा कचेरीत कारकून होते, पण कारकुनीबद्दल ते कोणाला सांगत नसत. त्यांचा सगळा मान मुनशीपणात होता. विलायतेहून नवा साहेब आला की त्याला मराठीची परीक्षा द्यावी लागे, ती होईपर्यंत त्याची बढती अडकलेली असे, आणि सिविल लाइनीत दादांचं नाव होतं की हा मुनशी साहेबाला पास करून देतो. कचेरी सुटली की ते तिथूनच बंगल्यावर जात. उन्हाळ्यात बंगल्याच्या दारांना वाळ्याचे तट्टे लावलेले असत, त्यांचा ओला वास त्यांच्या डगल्याला येई. घरी आल्यावर डगला खुंटीला, मग विहिरीवर आंघोळ, मग सोवळं, मग पाट. साहेबाच्या खुर्चीसमोर बसून आलेला माणूस आंघोळीशिवाय जेवायचा नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी ज्याच्या जिवावर मान मिळाला त्या साहेबाच्या बाबतीतही कधी मोडला नाही. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळी देशावरून इकडे आलेलं. इतक्या पिढ्या नागपुरात काढून आपली वाणी शुद्ध राहिली, हे दादांचं दुसरं भूषण. मी चुकून ‘मले’ म्हटलं की ते जेवण थांबवून माझ्याकडे बघत. तू मात्र कळमेश्वरची, शेतावर मजुरांच्या पोरींबरोबर वाढलेली. तुला ते काही बोलत नसत. तुझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, मग त्यात खोट काढणार कुठून?

हे मी रागानं म्हणत नाही, म्हणजे रागानंच म्हणते, पण खरं तेच म्हणते. तू काहीही सांगितलंस तरी त्यांचं उत्तर ‘हं’ किंवा ‘बघू’. तेल संपलं, हं. कळमेश्वरहून निरोप आला, बघू. दुसरी घरंही अशीच होती, हे मला नंतर कळलं. दिवसा नवरा-बायकोनं चार वाक्यं सलग बोलणं हेच मुळी चांगल्या घरचं लक्षण नव्हतं.

मग तो तरणा, लाल कानांचा साहेब आला. मी त्याला एकदाच पाहिलं, तो घोड्यावरून जुम्मा तलावाच्या बाजूनं चालला होता तेव्हा. त्यानं दादांपाशी हट्ट धरला की पुस्तकातली वाक्यं नकोत. परीक्षेच्या वेळी म्हणे बाजारातून एखादा साधा माणूस आणून समोर उभा करत आणि साहेबाला त्याच्याशी बोलायला लावत. आधीच्या खेपेला या साहेबापुढे कोण्या तेल्याला उभं केलं होतं. साहेबानं त्याला दादांनी शिकवलेलं काही सुंदर वाक्य ऐकवलं, आणि तो तेली हात जोडून ‘माफ करा सरकार’ म्हणत मागे सरकला. साहेब नापास झाला. आता त्याला रोज एक शब्द हवा होता, आणि त्या शब्दाची घरात बोलतात तशी वाक्यं. दादांची पंचाईत झाली ती इथे. सिंहाचे बळ पाहून सशास आश्चर्य वाटले, अशी वाक्यं ते झोपेतसुद्धा करत. घरात बोलतात तसं वाक्य त्यांना येत नव्हतं, कारण घरात ते बोलतच नव्हते.

एक दिवस भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी तुला विचारलं, “एखाद्या गोष्टीचं फार नवल वाटलं, अगदी थक्क व्हायला झालं, तर तुमच्याकडे काय म्हणतात गं?” मी कोपऱ्यात बसले होते. तू मागे वळून बघितलंस, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. मग म्हणालीस, “अचंबा म्हणतेत की.” दादा म्हणाले, मग अचंब्याची वाक्यं सांग, रोजची. तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस, जरा विचार केलास, आणि म्हणालीस, “काल भाजीत मीठ जास्त पडलं अन् तुम्ही काहीच बोलले नाही, मले तं अचंबाच वाटला.” आणि दादा हसले, आई. तोंडात घास असताना हसले, ठसका लागला, तू पाणी पुढे केलंस. ते वाक्य त्यांनी लगेच धुऊन घेतलं, ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘तं’चा ‘तर’ केला, आणि दोन-तीनदा म्हणून पाहिलं. सोवळ्यात कागदाला शिवायचं नाही, म्हणून वाक्यं पाठच करावी लागत. त्यासाठी ऐकताना ते हातातला घास तसाच धरून तुझ्या तोंडाकडे एकटक बघत. त्यांना असं तुझ्याकडे बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तुझा चेहरा असा होऊ शकतो हेही मला ठाऊक नव्हतं.

त्या साहेबाला अचंबा फार आवडला. आठवडा झाला तरी तो शब्द सोडीना. चहा गरम आहे, त्याचा त्याला अचंबा. खानसाम्यानं सलाम केला, त्याचाही अचंबा. दादा रोज घरी येऊन आणखी मागत. तू दळता दळता, तांदूळ निवडता निवडता वाक्यं जुळवत बसायचीस आणि मला विचारायचीस, हे कसं वाटते वं? म्हशीनं आज लात मारली नाही. गल्लीतल्या कासारानं भाव कमी केला. मावशीच्या सुनेनं सासूच्या आधी जेवून घेतलं. सगळ्याचा अचंबा. संध्याकाळी दादांची चाहूल लागली की तू केसांवरून हात फिरवायचीस. तू तेव्हा वयानं केवढी होतीस हे आज माझ्या मोठ्या मुलीकडे बघून कळतं.

मग तू एक करून पाहिलंस. आपल्या स्वयंपाकघराला धुराडं नव्हतं, तुझे डोळे सदा लाल. कौलं सरकवून वाट करून द्या, हे तू किती वेळा सांगितलं असशील आणि किती वेळा ‘बघू’ ऐकलं असशील. एका संध्याकाळी तू वाढता वाढता म्हणालीस, “चुलीचा धूर घरभर होऊन राहिला अन् घरात कोणाले दिसतच नाही, मले अचंबा वाटते.” दादांनी ते नेहमीसारखं धुऊन घेतलं, पाठ केलं, वा म्हणाले. आणि त्याच आठवड्यात माणूस बोलावून कौलं सरकवून घेतली. तू नव्या उजेडाच्या पट्ट्यात उभी राहून वर बघत होतीस आणि माझ्या डोक्यावर उगाच टपली मारलीस. मला आता वाटतं, त्या दिवशी धूर त्यांच्याच डोळ्यांत गेला असावा. पण तुला वाटलं, वाट सापडली. सरळ सांगितलेलं या माणसाला ऐकू येत नाही, वाक्यात घालून दिलेलं ऐकू येतं.

त्या दिवसांत तू छातीशी एरंडाचं पान गरम करून बांधायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, थंडीनं अंग धरलंय. नागपूरच्या वैशाखात थंडी! मला ते खरं वाटलं, कारण तू सांगितलं होतंस. गाठ तुला केव्हा लागली, ते मला ठाऊक नाही. पण बर्डीवर बायकांचा मिशनचा दवाखाना होता, तिथे बाईच डॉक्टर होती, आणि पलीकडच्या आळीतली एक जण तिथून बरी होऊन आली होती, हे तू विहिरीवर ऐकून आली होतीस. तुला तिथे जायचं होतं. एकटीनं बर्डीला जाण्याची सोय नव्हती. बैलांची दमणी सांगायला हवी, सोबत हवी, मिशनच्या बायकांच्या हातचं औषध घ्यायला घरच्या माणसाची परवानगी हवी. आणि परवानगी मागायची तर कुठे दुखतं ते सांगायला हवं. ते अंग नवऱ्यापुढे दिवसाच्या उजेडात नाव घेऊन सांगण्यासारखं नव्हतं, आणि अंधारात तो थकून झोपलेला. म्हणून तू ते वाक्यात घातलंस.

ती संध्याकाळ मला दिसते. चून-भाकर आहे. दादा पाटावर बसले आहेत, मी माझ्या ताटलीत बोटानं रेघा ओढते आहे. दादा विचारतात, आज काय? तू भाकरी तव्यावर टाकतेस, हात धुतेस, पदर खांद्यावरून नीट घेतेस. मग भिंतीकडे बघत म्हणतेस, “एका बाईच्या छातीत गाठ आहे, रोज वाढून राहिली. अन् ते उभी राहून सगळ्याइले जेवाले वाढून राहिली. मले अचंबा वाटते.” दादांचा घास वाटेतच थांबतो. ते तुझ्याकडे बघतात, तसेच, एकटक. तुझा हात कालथ्यावर घट्ट झालेला मला दिसतो. भाकरी करपायला लागते आणि तू ती उलटत नाहीस. मग दादा म्हणतात, “वाक्य लांब झालं.” घास तोंडात घालतात, चावतात, आणि चावता चावता ते लहान करून आणतात. गाठ असूनही ती स्त्री स्वयंपाक करिते, याचा मला अचंबा वाटतो. छाती त्यांनी काढून टाकली, साहेबासमोर बरं दिसणार नाही म्हणून. दोनदा म्हणून पाहिलं आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी ते बंगल्यावरून आले ते हसतच. आंघोळ होईपर्यंतही त्यांना धीर नव्हता, विहिरीवरूनच तुला सांगायला लागले. साहेबाला म्हणे ते वाक्य ऐकून प्रश्न पडला. तो मराठीत म्हणाला, ही बाई कोण? ती दवाखान्यात गेली का? दादांना त्याचं फार हसू आलं. साहेब काही कनवाळू होता असं नाही. परीक्षेत प्रश्न विचारावे लागत, तो प्रश्नांचा सराव करत होता, एवढंच. पण विचारलं त्यानं. आणि दादांनी त्याला काय सांगितलं ते त्यांनी तुला जसंच्या तसं ऐकवलं. “मी म्हटलं, कोणी नाही साहेब, वाक्यापुरती बाई आहे.” तू दोराची गुंडाळी करत उभी होतीस. तूही हसलीस. मी पाहिलं, म्हणून सांगते, तू तोंडाला पदर लावून हसलीस, आणि दादांना बरं वाटलं की बायकोला गंमत समजली.

त्यानंतर तू वाक्यं दिली नाहीस. दादांनी विचारलं की म्हणायचीस, सुचून नाही राहिलं. त्यांना ते लागलं. एकदा तर चिडून म्हणाले, बरी चालली होतीस, आता एकदम काय झालं तुला? पण तोवर साहेबाचा अचंबा संपला होता आणि त्याला कचेरीतले शब्द हवे होते, त्यांसाठी तुझी गरज नव्हती. पुढे तो पास झाला. या खेपेला त्याच्यासमोर एक भाजीवाला उभा केला होता, आणि साहेबानं त्याला अचंब्याचं काहीतरी ऐकवलं तर तो भाजीवाला खूश होऊन साहेबाशी बराच वेळ बोलत राहिला. दादा इतवारीच्या बाजारातून तुझ्यासाठी लुगडं घेऊन आले, गर्द हिरवं, रुंद काठांचं. ही तुझ्या वाक्यांची बक्षिसी, म्हणाले. मनापासून आणलं होतं, आई, ते मी त्यांच्याकडून हिरावून घेणार नाही. तू ते नेसलीस आणि देवाला नमस्कार केलास. त्यावरची नवी चोळी मात्र घातली नाहीस, जुनी सैलच राहू दिलीस. दादांनी विचारलंही नाही.

शेवटी तू विहिरीवर कळशी भरताना बसलीस ती उठली नाहीस, आणि मग कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. चोळीवर डाग आला होता, वासही येऊ लागला होता. दादांनी त्याच तासाला दमणी सांगितली. मिशनचं पाणी, मिशनचा हात, कशाकशाचा विचार केला नाही. स्वतः गाडीवानाशेजारी बसून बर्डीवर घेऊन गेले, मला तुझ्या पायाशी बसवलं होतं. डॉक्टरीणबाईनं तुला पाहिलं आणि बाहेर येऊन दादांना फार बोलली. कच्च्या मराठीत बोलत होती, पण कळत होतं. इतके महिने काय करत होता, असं ती विचारत होती. दादा दोन्ही हातांनी पागोटं धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, हिनं सांगितलं नाही हो, कधी बोललीच नाही. घरी आणल्यावर ते तुझ्या उशाशी बसून राहिले. तू गेलीस तेव्हा मोठ्यानं रडले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले, नुसतं एकदा सांगितलं असतं तर मी हिला खांद्यावर घेऊन बर्डीला गेलो असतो. ते गेले असते. यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. वाईट माणसाला दोष देऊन मोकळं होता येतं. माझ्या वाट्याला तेही आलं नाही.

पुढे तुझं न बोलणं हा आपल्या घराचा दागिना झाला. माझं लग्न ठरलं तेव्हा दादांनी व्याह्यांना तेच सांगितलं, हिची आई अशी होती, लेकही तशीच आहे. नात्यात नवी सून आली, जरा कुरकुर केली, की कोणीतरी तुझं नाव काढायचं. ती बघा, मरणाचं दुखणं होतं, पण हूं की चूं केलं नाही. कितीतरी पोरींनी तुझ्या नावानं दात-ओठ आवळून दुखणी सोसली असतील. मीही सोसली. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी ओरडले नाही म्हणून सासूबाईंनी कौतुक केलं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

एकदा मात्र मी दादांना विचारलं. फार वर्षांनी, अशाच एका नवमीला. सवाष्ण जेवून गेली होती, ते ओसरीवर आडवे झाले होते. दृष्टी गेली होती, कान तेवढे शाबूत होते. मी म्हटलं, दादा, त्या लाल कानांच्या साहेबासाठी आई तुम्हांला वाक्यं सांगायची, आठवतात? त्यांचा चेहरा एकदम उजळला. आठवत नाहीत कशी? म्हणाले आणि उठून बसले. आणि आई, त्यांनी ती सगळी म्हणून दाखवली. मिठाचं, म्हशीचं, कासाराचं, धुराचं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आणि मग ते. गाठ असूनही ती स्त्री स्वयंपाक करिते, याचा मला अचंबा वाटतो. ते संपवून हसले, साहेबानं विचारलेला प्रश्न सांगितला, आपण दिलेलं उत्तरही सांगितलं. मला वाटलं, आता. आता एवढं तोंडानं म्हटल्यावर तरी कळेल. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ते म्हणाले, “फार सुरेख वाक्यं द्यायची गं ती.” मग उपरण्यानं डोळे पुसले. “पण स्वतःचं दुखणं एका शब्दानं बोलली नाही. मला अजून अचंबा वाटतो.”

मी त्यांना सांगितलं नाही. दया आली म्हणून नव्हे. सांगून काय झालं असतं, हे मला दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे कान दिला असता, हं म्हटलं असतं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात ते शिरलं असतं तर तो तिथेच संपला असता, आणि शिरलं नसतं तर मी संपले असते. दोन्हींतून तुला काही मिळालं नसतं. मी आत गेले आणि भांडी विसळली. त्यानंतर ते आणखी काही नवम्या जगले, आणि यंदा उन्हाळ्यात गेले ते तुझ्याबद्दल तेच मानत गेले.

हे पत्र मी कुठे धाडणार? घरात कोणाला दाखवायचं नाही. दाखवलं तर ते वाचतील, बरं लिहिलंय म्हणतील. भज्यांचं तेल तापवायची वेळ झाली आहे, त्याआधी एक सांगायचं राहिलं ते सांगते. वर तुझ्या तोंडची म्हणून जी वाक्यं लिहिली, ती मला तुझ्या शब्दांत आठवत नाहीत. मला आठवतात ती दादांची, धुतलेली, त्यांच्या आवाजात पाठ म्हटलेली. त्यांतल्या एकेका शब्दाच्या जागी आज मी मागाहून ‘मले’ घातलं, ‘तं’ घातलं, ‘राहिली’ घातलं, आणि ती वाक्यं तुझ्या नावावर टाकली. तुझा आवाज माझ्यापाशी नाही, आई. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि तू अशीच बोलायचीस का, हे सांगणारं आता कोणी राहिलेलं नाही.